सारख्या बरण्या

घर सांभाळायला लागल्यापासून त्याला सगळ्याचीच भीती वाटू लागली होती. आधी असं नव्हतं. मोठ्या गोदामात तो स्टोअरकीपर होता. डोक्यावर तीन मजली फळ्या, त्यांवर लोखंडाचे सुटे भाग आणि रसायनांची पिंपं, आणि खालून हा शिट्टी वाजवत फिरायचा. मग बायकोला बढती मिळाली, मूल झालं, दोघांपैकी एकानं घरी राहायचं ठरलं, आणि कोणी राहायचं यावर फारशी चर्चा करावी लागली नाही. त्यानंही कुरकुर केली नाही. घर म्हणजे तरी काय, लहानसं गोदामच, असं मित्रांना ऐकवून तो घरी बसला. पहिल्याच आठवड्यात ठकीनं सोफ्याखालून शर्टाचं बटण शोधून काढलं आणि तोंडात घातलं. त्यानं बोट घालून ते बाहेर काढलं, पण त्या दिवसापासून त्याची शिट्टी बंद झाली.

ठकी ही त्याची मुलगी, नुकतीच पाऊल टाकायला लागलेली. कागदोपत्री तिचं नाव लांबलचक आणि छान होतं. पण जन्मल्यावर आजीनं, म्हणजे बायकोच्या आईनं, तिला मांडीवर घेतलं, डोक्यापासून तळव्यापर्यंत हात फिरवला आणि म्हणाली, ही तर ठकी बाहुली आहे. झालं, नाव चिकटलं.

बटणाच्या प्रसंगानंतर त्यानं अंगाला सवयी लावून घ्यायला सुरुवात केली. सकाळी उठल्याबरोबर गुडघ्यांवर रांगत सगळं घर फिरायचं, म्हणजे ठकीला जे दिसतं ते आपल्यालाही दिसतं. गॅस बंद केला की बटणावर हात ठेवून मोठ्यांदा "बंद" म्हणायचं. बादलीत पाण्याचा थेंब ठेवायचा नाही. रोज एक खण रिकामा करून पुसायचा. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. हा साधं पाणीही फुंकून प्यायला लागला. बायको संध्याकाळी घरी आली की त्याच्या गुडघ्यांवरची धूळ झटकायची आणि विचारायची, आज गोदामात काय काय सापडलं? तो ते हसण्यावारी न्यायचा आणि ठकीच्या मुठी उघडून बघायचा.

एक मात्र खरं, हळूहळू घर त्याच्या हाताखाली आलं. नाही आलं ते फक्त स्वयंपाकघर, कारण तिथे सासूबाईंचं राज्य होतं.

सासूबाई त्यांच्याकडेच राहायच्या. कमी बोलायच्या, पण बोलल्या की टोला लगावायच्या. दुपारी तो बाजारात जायचा तेव्हा ठकी त्यांच्याजवळ असायची. दूध कोमट करून, त्यात पाव कुस्करून, साखर घालून त्याच तिला भरवायच्या. त्यांच्या हातचं ती मुकाट खायची, आणि ह्यानं भरवलं की अर्धं भिंतीवर उडवायची. त्याला सासूबाईंबद्दल तक्रार अशी नव्हती. तक्रार होती ती त्यांच्या डब्यांबद्दल. साखर कॉफीच्या एका चेपलेल्या डब्यात. मीठ झाकणाला दोरी बांधलेल्या जुन्या बरणीत. चहापूड चौकोनी पत्र्याच्या डब्यात, ज्यावर बिस्किटांचं चित्र. कुठल्याच डब्यावर आतल्या मालाचं नाव नाही, आणि जिथे नाव आहे तिथे आत भलतंच. ज्या माणसानं आयुष्यभर प्रत्येक खोक्यावर चिठ्ठी चिकटवली, त्याला ते बघून रोज खाज सुटायची.

एका सकाळी त्यानं मनावर घेतलं. आदल्या दिवशी आणलेल्या काचेच्या बरण्या काढल्या, सगळ्या एका मापाच्या, एकसारख्या झाकणांच्या. सगळा माल त्यांत भरला, प्रत्येक बरणीवर पांढरी चिठ्ठी लावली, त्यावर जाड अक्षरांत नाव लिहिलं. जुने डबे पिशवीत भरून खाली भंगारवाल्याला देऊन आला. मग सासूबाईंना हाताला धरून ओट्यापाशी आणलं आणि विचारलं, कसं वाटतंय?

सासूबाईंनी एकेका बरणीवरून हात फिरवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन परत आल्या.

"गुळगुळीत आहेत," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "जुने डबे टाकले का हो?"

टाकले, असं त्यानं अभिमानानं सांगितलं. त्यांनी बरणीवरचा हात मागे घेतला. म्हाताऱ्या माणसांचा जीव जुन्या वस्तूंत अडकतो, होईल सवय, असं त्याला वाटलं. त्यानं फक्त त्यांना साखरेची जागा सांगितली, ओट्यावर, भिंतीकडून पहिली. त्यांनी मान डोलावली.

त्याच सकाळी सिंक तुंबलं. त्यानं तुंबलेला पाइप मोकळा करायची भुकटी आणली, पांढरी, खडीसाखरेच्या चुऱ्यासारखी. थोडी ओतली, पाणी खळखळून खाली गेलं. उरलेलं पाकीट फाटलेलं होतं. आता गोदामातला नियम असा, की फुटलेलं पोतं एक क्षणही उघडं ठेवायचं नाही. माल झाकणाच्या भांड्यात घालायचा आणि भांड्यावर नाव लिहायचं. ज्यावर नाव आहे त्याच्यापासून धोका नाही. त्याच्या हाताखालच्या माणसांनी हा नियम मोडला तर तो गोदाम डोक्यावर घ्यायचा. एक बरणी शिल्लक होती. त्यानं भुकटी तीत भरली, झाकण घट्ट लावलं आणि लाल शाईनं लिहिलं, विष, हात लावू नये. गोंद वाळेपर्यंत बरणी ओट्यावरच, दुसऱ्या टोकाला ठेवली. परत आलो की माळ्यावर टाकू, असं ठरवलं. ठकीचा हात ओट्यापर्यंत पोचत नव्हता, ते त्यानं दोनदा मोजून पाहिलं होतं.

निघताना त्यानं सासूबाईंचा चष्मा बरोबर घेतला. ठकीनं त्याची एक काडी मोडली होती. सासूबाई म्हणाल्या होत्या, राहू द्या, काही घाई नाही. पण तुटकी वस्तू घरात ठेवायची नाही, ही त्याची आणखी एक सवय.

चष्मेवाल्याचं दुकान बाजाराच्या पलीकडे होतं. चष्मेवाल्यानं काडी पाहिली, काच दिव्यासमोर धरली आणि विचारलं, हा त्या आजींचाच ना? काडी बसवून देतो, काचा राहू दे तशाच.

नंबर वाढला असेल तर काचाही बदलून टाका, असं हा म्हणाला. चष्मेवाल्यानं चष्मा खाली ठेवला आणि त्याच्याकडे जरा चमकून पाहिलं.

"नंबर कसला? साध्या काचा आहेत या."

"साध्या म्हणजे?"

"अहो, त्यांच्या नसा सुकल्यात. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं ना, आता चष्म्याचा उपयोग नाही. उजेड-अंधार कळतो, बस. मीही म्हटलं, आजी, मग चष्मा कशाला? तर म्हणाल्या, घरच्यांना चष्मा दिसला की बरं वाटतं." त्यानं चष्मा पुन्हा उचलला. "तुम्हाला माहीत असेल असं वाटलं मला."

त्याला माहीत नव्हतं. घरात कोणालाच माहीत नव्हतं. मात्र ते ऐकल्याबरोबर सगळं एकदम समोर आलं. त्या भिंतीला हात लावून चालायच्या ते गुडघ्यांमुळे नव्हतं. टीव्ही नुसता ऐकायच्या. ठकीशी बोलताना आधी तिच्या गालाला हात लावायच्या. आणि ते डबे. चेपलेला, दोरी बांधलेला, चौकोनी. हाताला कळतील असे एकूण एक डबे त्यानं स्वतः भंगारात घातले होते. आता ओट्यावर साखर होती आणि दुसऱ्या टोकाला भुकटी, दोन्ही पांढऱ्या, दोन्ही एकाच मापाच्या बरणीत. भिंतीकडून पहिली, असं त्यानं सांगितलं होतं. पण कुठल्या भिंतीकडून? ओट्याला दोन्ही बाजूंनी भिंत होती.

आणि ठकीची दुधाची वेळ झाली होती.

चष्मा तिथेच टाकून तो बाहेर पडला. घरी फोन लावला. घंटा वाजत राहिली, कोणी उचलला नाही. पुन्हा लावला. शेजारच्या बाईंना लावावा, तर त्या कालच लेकीकडे गेल्या होत्या, कुलूप त्यानंच पाहिलं होतं. बायकोचं नाव समोर आणलं आणि अंगठा तिथेच थांबला. तिला काय सांगायचं? तुझ्या आईच्या हातून आपल्या मुलीला काय दिलं जातंय, आणि ते तिच्या हाताशी कोणी ठेवलं? तो पळायला लागला.

बाजार भरात होता. हातगाड्या, खोकी, रस्त्याच्या मधोमध उभी राहून गप्पा मारणारी माणसं. रोज त्याला हीच गर्दी आवडायची. इस्त्रीवाल्यानं त्याला धावताना पाहिलं आणि ओरडून विचारलं, काय साहेब, दूध उतू गेलं का? चारजण हसले. त्या एका शब्दानं त्याचा वेग आणखी वाढला. धावताना त्याला ती भुकटी सिंकमध्ये उतरताना दिसत होती, फसफसणारी, वाफ सोडणारी. ती पाइपातला साचलेला मळ खाऊन टाकते, असं पाकिटावर लिहिलं होतं. पुढचं तो मनात येऊ देत नव्हता आणि ते येतच होतं. एक चमचा. ठकी हल्ली आ करून पुढे यायची, भूक लागली असली की दोन्ही हातांनी चमचा ओढायची. सासूबाईंच्या हातचं ती मुकाट खायची.

फोन कानाला लावलेलाच होता. घंटा वाजून वाजून थांबायची, तो पुन्हा लावायचा. उचला, तो म्हणत होता, कोणीतरी उचला. घर सुखरूप ठेवायला त्यानं एवढ्या सवयी लावल्या होत्या, आणि त्यांतल्याच एका सवयीनं घात केला होता. हे त्याला धावता धावता लख्ख कळत होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

लिफ्ट वर कुठेतरी अडकली होती. तो जिन्यानं वर गेला. दारापाशी किल्ली कुलपाच्या भोकात शिरेना. आतून रडण्याचा आवाज येतोय का ते त्यानं ऐकलं. आवाज नव्हता. फक्त फोन वाजत होता, आणि तो त्यानंच लावलेला होता.

दार उघडलं. बाहेरच्या खोलीत कोणी नव्हतं. आतल्या बोळात स्वयंपाकघराचं दार बंद होतं आणि फोन त्या बंद दारामागे वाजत होता. त्या दाराला बाहेरून पाठ लावून सासूबाई जमिनीवर बसल्या होत्या. पाय पुढे पसरलेले, केस ओले, कपडे छातीपर्यंत भिजलेले. त्यांच्या मांडीवर ठकी होती. एका लांब टॉवेलनं त्यांनी तिला स्वतःच्या कमरेशी बांधून घेतलं होतं. ठकीची मान मागे कललेली होती, तोंड उघडं होतं, एक हात लोंबत होता.

रोज रांगायचा तसाच तो रांगत तिच्यापर्यंत पोचला.

"हळू," सासूबाई म्हणाल्या. आवाज जड होता, शब्द नीट फुटत नव्हते. "आत्ताच झोपलीय."

त्यानं ठकीच्या नाकाखाली बोट धरलं. श्वास लागला. कोमट आणि नेहमीसारखा. त्यानं तिचं तोंड पाहिलं, ओठ, जीभ, मुठी उघडून तळवे. सगळं स्वच्छ होतं. ठकीनं झोपेतच त्याचा हात झिडकारला. तेव्हा कुठे त्यानं सासूबाईंकडे पाहिलं. खालचा ओठ सुजून पालथा झाला होता. उजव्या हाताचं पहिलं बोट टोकाशी पांढरं पडलं होतं.

"आत जाऊ नका," त्या म्हणाल्या. "बरणी पडली माझ्या हातून. खाली सगळं सांडलंय. कुठवर सांडलंय ते..." त्या थांबल्या. "ते पाहायचं राहिलं."

मग थांबत थांबत त्यांनी सांगितलं. दूध तयार होतं. साखर घ्यायला हात लावला तर सगळ्या बरण्या सारख्याच. ठकीच्या तोंडात जायचं ते आधी स्वतः चाखायचं, ही त्यांची पहिल्यापासूनची सवय. लेकीच्या वेळीही होती. म्हणून ओलं बोट बरणीत घातलं आणि जिभेला लावलं. साखर बोटाला चिकटते, ही साबणासारखी सरकली. ते लक्षात येईपर्यंत जिभेवर निखारा ठेवल्यासारखं झालं होतं. बरणी सुटली. ठकी उंबऱ्यापाशीच होती, काच फुटल्याच्या आवाजाकडे हसत निघाली होती. तिला उचललं, बाहेर आल्या, दार ओढलं. न्हाणीघरात नळाखाली तोंड धरलं, किती वेळ कोण जाणे, ठकीला काखेत धरून. स्वयंपाकघराच्या दाराची कडी सैल होती, ठकी नुसतं ढकलून ते उघडायची. म्हणून दाराला पाठ लावून बसल्या. फोन ऐकू येत होता, पण तो आत होता, आणि मधल्या जमिनीवर काय आहे ते त्यांना कळणार नव्हतं.

हे शेवटचं अर्थात त्या बोलल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "बरणीवर चिठ्ठी लावायची राहिली वाटतं, जावईबापू."

त्याला कळलं. त्या त्याला वाट करून देत होत्या. हो म्हटलं की संपलं. विसरलो, चुकलो, माफ करा. दोष त्याचा, आणि त्यांचं गुपित जागच्या जागी. बायकोलाही तेच सांगता आलं असतं. त्याला हो म्हणावंसं फार वाटलं, त्यांच्यासाठीच. पण मांडीवरच्या ठकीची मूठ त्यांच्या ओल्या बाहीत अडकलेली होती, आणि उद्या ती पुन्हा त्यांच्याच हातून खाणार होती.

"लावली होती, आई," तो म्हणाला. "लाल अक्षरांत."

सासूबाईंनी चेहरा त्याच्याकडे वळवला. तो जिथे होता त्याच्या जरा डावीकडे.

"चष्मेवाल्यानं सांगितलं?"

"हो."

आतला फोन केव्हाच थांबला होता. मग त्यांनी ठकीच्या कपाळावरून हात फिरवला, भुवया, नाक, हनुवटी, सगळं एकेक करून.

"आता हिला माझ्याजवळ ठेवणार नाही तुम्ही," त्या म्हणाल्या. "याच भीतीनं गप्प राहिले. डोळ्यांचं काही नाही हो, ते गेले तेव्हा गेले. पण हिला मी पाहिलेलं नाही. जन्मली तेव्हाच सगळं धूसर होतं. ही माझ्या हातांनाच माहीत आहे, आणि तुम्ही हातातूनच काढून घ्याल म्हणून..."

त्यानं टॉवेलची गाठ सोडली, ठकीला खांद्यावर टाकलं आणि दुसऱ्या हातानं सासूबाईंना उठवलं. जिन्यात प्रत्येक वळणावर तो "इथे वळण" म्हणत होता आणि त्या हूं म्हणत होत्या. दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांचं तोंड तपासलं. लगेच आणि भरपूर पाण्यानं धुतलं म्हणून निभावलं, असं ते म्हणाले. जीभ आणि ओठ भरून येतील, तोवर गार आणि पातळ खायचं. ठकीलाही त्यांनी तपासलं. तिनं डॉक्टरांचा हात चावला, म्हणजे ती ठणठणीत होती.

तिथूनच त्यानं बायकोला फोन केला आणि काहीही न वगळता सांगितलं, आधी बरणीचं, मग डोळ्यांचं. ती आली ती आधी त्याच्यावर बरसली. विष ओट्यावर ठेवायची अक्कल कुठल्या गोदामात शिकवतात, असं विचारलं, आणि त्यानं मान खाली घालून ऐकून घेतलं. मग ती आईकडे वळली आणि तिचा हात धरला. घरी आल्यावर तिनं गार दुधाची वाटी आणली आणि आईसमोर बसून चमच्याचमच्यानं पाजत राहिली. दोघी रडत होत्या. तो हातमोजे घालून स्वयंपाकघराची जमीन पुसत होता, मग पुन्हा पुसत होता, मग गुडघ्यांवर बसून दिव्याच्या उजेडात तिरक्या नजरेनं एकेक फरशी बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो भंगारवाल्याकडे गेला. चौकोनी डबा ठोकून सपाट झाला होता, दोरीची बरणी फुटली होती. ढिगाच्या तळाशी कॉफीचा चेपलेला डबा तेवढा सापडला. भंगारवाल्याला वाटलं, डब्यात काही मौल्यवान राहिलं असणार. तो म्हणाला, हो, तसंच.

घरी येऊन त्यानं डबा उकळत्या पाण्यानं धुतला, वाळवला, साखर भरली. मिठाच्या बरणीला नवीन दोरी बांधली. चहापुडीच्या झाकणाला रबर लावलं. मग डोळे मिटून ओट्यावर हात फिरवून पाहिला, आणि पहिल्या खेपेला त्याचं सगळं चुकलं. बाकीच्या बरण्या त्यानं काढून टाकल्या. घातक म्हणावं असं घरात काही उरलं नव्हतं. तरी सिंकखालचा खण त्यानं परत परत उघडून पाहिला, आणि दाराची कडीही घट्ट बसवली.

दुपारी ठकी भुकेनं ओरडायला लागली. तो बाजारात गेला नाही. सासूबाई उठल्या, भिंतीला हात लावत ओट्यापाशी आल्या, दूध कोमट केलं, पाव कुस्करला. तो दारात उभा राहिला. काल यांच्याच हातून ठकी वाचली हे त्याला माहीत होतं, आणि तरी त्याचा हात चौकटीवर आवळला होता. दोन्ही खरं होतं, आणि त्याला त्याची लाज वाटत होती.

"तिथे उभं राहून किती दिवस राखण करणार?" त्यांनी मागे न वळता विचारलं.

"रोज."

"मग निदान बसा तरी."

तो आत आला आणि ठकीला मांडीवर घेऊन बसला. सासूबाईंचा हात डब्यांवरून गेला, चेपलेल्या डब्याशी थांबला, आणि बोटं त्या खळग्यात अशी बसली, जणू आपल्याच घरी आली आहेत. त्यांनी साखर घातली, ढवळली. चमचा तोंडापर्यंत नेला आणि मध्येच थांबवला.

"माझ्या जिभेला चव नाही अजून," त्या म्हणाल्या. चमचा त्यांनी त्याच्या आवाजाच्या दिशेनं पुढे धरला. "आजपासून तुम्ही चाखा."

साखर त्यानं स्वतः भरली होती. त्याआधी डबा स्वतः धुतला होता. तरी चमचा तोंडात घेण्याआधी त्यानं तो हुंगला. त्यानं घास जिभेवर ठेवला आणि थांबला. ठकी त्याच्या हनुवटीवर चापट्या मारत होती, सासूबाई वाटी धरून उभ्या होत्या. गोडवा आला, जिभेवर राहिला, आणि त्याच्यामागून दुसरं काही आलं नाही.

"द्या," तो म्हणाला.